शंभरातले एकसष्ट

कुंदा रणपिसेला पहिली शंका आली ती आकृत्या फार शहाण्यासारख्या होत्या म्हणून.

डिसेंबरची चोवीस तारीख होती. सांबरखेडच्या भूमापन कार्यालयात वरच्या मजल्यावर ती पडद्यासमोर बसली होती. पडद्यावर बागवानपुरा होता आणि त्याच्यावर तेवीसशे रेषा एकावर एक पडल्या होत्या. प्रत्येक रेषा म्हणजे तिथल्या एका माणसानं बोटानं काढलेली आपली वस्ती. सात दिवसांनी कुंदाला या सगळ्याखाली सही करायची होती. त्या सहीशिवाय शहराचा नवा प्रभाग-नकाशा लागू होणार नव्हता.

कुंदा स्वतः खाणवस्तीतली. दगडाची खाण बंद पडून तीस वर्षं झाली, वस्ती मात्र राहिली. आठ हजार माणसं भिंतीला भिंत लावून राहत होती, पण महापालिकेच्या नकाशावर त्यांचे तीन तुकडे होते. त्यातला एक प्रभाग सतरामध्ये. सतराचा आकार हुबेहूब पालीसारखा होता: डोकं बंगल्यांच्या भागात, पोट बाजारपेठेत आणि शेपूट खाणवस्तीत. उरलेले दोन तुकडे असेच दुसऱ्या दोन प्रभागांना लोंबत होते. बावीस वर्षांत वस्तीतला एकही माणूस नगरसेवक झाला नव्हता. पाण्याची तक्रार घेऊन गेलं की तिन्ही नगरसेवक एकच सांगत, "तुमचा भाग माझ्याकडे थोडासाच येतो हो."

नकाशे काढणारे म्हणजे शहरातले जुने पुढारी तात्यासाहेब इंगवले. पदावर असोत-नसोत, प्रभागांच्या रेघा त्यांच्याच बैठकीत ठरत.

त्यांच्या हातातली ती पेन्सिल काढून घेण्यासाठी कुंदाचा भाऊ भास्कर तीन वर्षं झटला. भास्कर तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील खाणीतल्या धुळीनं गेले तेव्हा कुंदा सहा वर्षांची होती. तिला भूमापनाच्या पदविकेपर्यंत शिकवलं ते त्यानं. वस्तीच्या तोंडाशी त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. तेच चळवळीचं कार्यालय झालं. तांब्याच्या तारेच्या रिळांवर बसून माणसं पत्रकं लिहीत. बागवानपुऱ्यातून रेहाना बागवान यायची. केळीची घाऊक विक्री करणारी, मोठ्या आवाजाची आणि त्याहून मोठ्या मनाची बाई. एका मोर्चात पोलिसांनी दोघांना दिवसभर बसवून ठेवलं, तेव्हा भास्करनं तिच्या डब्यातलं खाल्लं होतं. 'पाल हाकला' ही घोषणा तिचीच.

राज्यात तेव्हा नागरी सार्वमताचा कायदा नुकताच आला होता. सांबरखेडनं तो वापरला. मतदान झालं आणि शंभरातल्या एकसष्ट माणसांनी सांगितलं की यापुढं प्रभागाची रेघ कुठल्याही पुढाऱ्यानं किंवा अधिकाऱ्यानं मारायची नाही; ती 'समतोल' नावाच्या यंत्राकडून मारून घ्यायची आणि तिची तपासणी एका प्रमाणकानं करायची. प्रमाणक भूमापन खात्यातल्या लोकांमधून चिठ्ठीनं निवडायचा. चिठ्ठी कुंदाच्या नावाची निघाली. भाऊ चळवळीत आहे हे तिनं लेखी कळवलं होतं. पण भास्कर तेव्हा उमेदवार नव्हता, म्हणून हरकत फेटाळली गेली.

यंत्राचं तत्त्व कुंदा लोकांना साध्या शब्दांत सांगायची. शहराचे पन्नास प्रभाग पाडण्याच्या रीती मोजता येणार नाहीत इतक्या. सगळ्या तपासता येत नाहीत, पण त्यातल्या पाच लाख रीती, कुणाची बाजू न घेता, उचलून बघता येतात. नियम तीनच. लोकसंख्या सारखी हवी, प्रभाग सलग हवा आणि वस्ती फोडायची नाही. मग प्रत्येक नकाशावर मागची मतं पसरून बघायचं, कुणाच्या किती जागा येतात. पाच लाख उत्तरं मांडली की त्यांचा डोंगर होतो. निर्मळपणे काढलेले नकाशे डोंगराच्या पोटात सापडतात. कुणी मुद्दाम काढलेला असेल तर तो दूर, पायथ्यालाही सोडून एकटा पडतो. इंगवल्यांच्या नकाशाइतका कललेला नकाशा पाच लाखांत एकही निघाला नव्हता. समतोल डोंगराच्या मध्यातले हजार नकाशे बाजूला काढणार आणि त्यातला एक नगरभवनात सगळ्यांदेखत चिठ्ठीनं निवडला जाणार.

प्रश्न तिसऱ्या नियमाचा होता. वस्ती कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हे कोण सांगणार? कायद्यानं उत्तर दिलं होतं: तिथं राहणारा सांगेल. प्रत्येकानं फोनवर आपली वस्ती बोटानं रेखायची. हजारो आकृत्या एकावर एक ठेवल्या की बहुतेकांच्या रेषा जिथं जवळ येतात ती वस्तीची कड.

कुंदानं वीस वर्षं जमिनी मोजल्या होत्या. माणूस आपली जागा दाखवताना कसा दाखवतो हे तिला ठाऊक होतं. तो मापानं दाखवत नाही. ज्या बाजूला त्याचं रोज जाणं-येणं, ती बाजू त्याला मोठी वाटते. खाणवस्तीतल्या प्रत्येक आकृतीला बसथांब्याकडे पोट सुटलं होतं आणि खाणीकडची बाजू चपटी होती. सगळ्या वस्त्यांचं तसंच. कुणी चुकून देऊळ सोडलेलं, कुणी ओढ्यापलीकडच्या मामाचं घर आत घेतलेलं.

बागवानपुऱ्याच्या आकृत्यांना कुठलंच पोट नव्हतं. फळबाजार पूर्वेला लागून. अर्धा पुरा पहाटेपासून तिथं असतो. तरी एकही रेषा तिकडं झुकलेली नव्हती. चुका होत्या, पण चारी दिशांना सारख्या वाटलेल्या. एक आकृती घेऊन यंत्राकडून तिला तेवीसशे वेळा थोडंथोडं हलवून घेतलं की असं दिसतं. आणि त्या मूळ आकृतीत कालव्याच्या अलीकडचा पुरा आणि पलीकडची दर्ग्याची बाजू एकाच वस्तीत घातली होती. मध्ये कालवा, पूल दीड किलोमीटरवर. दोन्हीकडची माणसं स्वतःला एका वस्तीतली कधीच म्हणत नसत.

तिनं त्या आकृत्या वगळून समतोल पुन्हा चालवून पाहिला. खऱ्या रचनेत बागवानपुऱ्याचं वजन तीन प्रभागांत पडत होतं. एकात त्यांचा माणूस हमखास येणार, दुसऱ्या दोहोंत त्यांच्या मतांशिवाय कुणी निवडून येणार नाही. खोट्या आकृतीनं ते सगळे एकाच प्रभागात कोंबले गेले होते. बाजूचे दोन प्रभाग मोकळे झाले होते. ते कुणाला जात होते हे बघायला कुंदाला फार वेळ लागला नाही. भास्करच्या चळवळीनं निवडणुकीसाठी जी नागरी आघाडी काढली होती, तिला ते जात होते.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी मदतनिसांना टॅब दिले होते. तेवीसशे आकृत्या दोनच टॅबवरून आल्या होत्या. मदतनीस म्हणून नाव होतं: भा. रणपिसे.

दुपारी ती दुकानात गेली. भास्कर एका पाण्याच्या मोटरीचं जळालेलं वेटोळं उपसत होता. वार्निशचा वास भरून राहिला होता.

"दादा, बागवानपुऱ्याच्या आकृत्या तू भरल्यास?"

"काही भरल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना जमत नव्हतं."

"तेवीसशे म्हातारे?"

त्यानं पक्कड खाली ठेवली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं.

"बस," तो म्हणाला.

"मी उभीच बरी आहे."

"कुंदे, इंगवलेची माणसं प्रत्येक वस्तीत आकृत्या भरत फिरतायत, ठाऊक आहे का तुला?"

"फिरत होती. नऊ ठिकाणच्या पकडल्या मी, बाद केल्या."

"आणि ज्या सापडल्या नसतील त्या? आपण एकट्यांनीच सोवळं पाळायचं का? बहुमताला दोन जागा कमी पडत होत्या. दोन. त्या नाही मिळाल्या तर नवा नकाशा असून उपयोग काय? सभागृहात परत तोच बसणार, परत तेच पाणी अर्धा तास."

"रेहानाआपाच्या लोकांना कोंबलंस तू."

"त्यांना एक जागा पक्की मिळतीय. आधी तीही नव्हती. आणि हे एकदाच. एकदा माणसं आपली बसली की पुढच्या खेपेला सगळं चोख करू. तुझ्या गळ्याची शपथ."

"लोकांनी मत दिलंय, दादा. एकसष्ट टक्के. कुणीच रेघ मारायची नाही म्हणून दिलंय. तू सोडून बाकी कुणी मारायची नाही, असं नव्हतं लिहिलेलं त्यात."

त्यानं पक्कड उचलली आणि वेटोळ्याची काळी पडलेली तार ओढायला लागला.

अडचण अशी होती की त्या नऊ ठिकाणी खऱ्या आकृत्याही होत्या, इथं एकही नव्हती; या बाद केल्या तर बागवानपुऱ्यात त्या नव्यानं गोळा कराव्या लागणार आणि त्याला कायद्यानं चाळीस दिवसांची सूचना हवी. एकतीस डिसेंबरपर्यंत प्रमाणित नकाशा नसेल तर जुनाच नकाशा पाच वर्षं चालणार, हे कलम इंगवल्यांच्या लोकांनी तडजोडीत घालून घेतलेलं. सही केली तर चोरी पचणार. नाही केली तर पाल परत येणार.

दुसऱ्या दिवशी ती रेहानाकडे गेली. ज्याच्यावर अन्याय होतोय त्यानंच सांगावं, असं तिला वाटलं. खरं तर ओझं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर द्यायचं होतं, पण ते तिच्या लक्षात फार उशिरा आलं.

रेहाना केळी पिकवायच्या थंड खोलीत घडांवरून हात फिरवत होती. कुंदानं सगळं सांगितलं. रेहाना एका पालथ्या क्रेटवर बसली.

"भास्करभाईंनी?" तिनं विचारलं.

"हो."

"माझ्या डब्यातलं जेवलाय तो माणूस." मग तिचा आवाज बदलला. "सही नाही केलीस तर जुना नकाशा?"

"हो."

"जुन्यात आमचे पाच तुकडे होते. आता एक खुर्ची तरी मिळतीय. तीन मिळायच्या होत्या, एक मिळतीय. शून्यापेक्षा एक बरा, कुंदा. सही कर."

"आपा, तुम्ही जाहीर बोललात तर मी—"

"मी बोलले तर उद्या बाजारात काय म्हणतील? यांना काही दिलं तरी कमीच पडतं, यांच्यापायी सगळ्या गावाचा कायदा बुडाला. तुला नाही ते म्हणणार, मला म्हणतील." ती उठली. "सही कर. पण मी 'कर' म्हटलं म्हणून ते बरोबर होत नाही, एवढं ध्यानात ठेव."

एकतीस तारखेला दुपारी नगरभवनात कुंदानं सही केली. 'सर्व आकृत्या कसोटीस उतरल्या आहेत' या वाक्याखाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाणवस्तीतल्या बायका तिला ओवाळायला ताट घेऊन आल्या होत्या.

यानंतरची वर्षं चांगली गेली, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. खाणवस्ती एका प्रभागात आली. भास्कर तिथून निवडून आला, पुढं उपमहापौर झाला. वस्तीत मोठी जलवाहिनी आली, दोन वेळचं पाणी आलं. बंद खाणीच्या काठाला कुंपण झालं. दवाखाना झाला आणि त्यात डॉक्टरही बसू लागला. खोकणारी म्हातारी माणसं त्याच्यापुढं रांगेत बसलेली दिसली की कुंदाला वाटे, गेलं असेल काही चुकीचं, पण हे तर खरं आहे ना.

रेहाना तिच्या प्रभागातून ब्याण्णव टक्के मतांनी आली. सभागृहात ती एकटी. कालव्यावर दुसरा पूल मागितला, तीन वेळा मागितला, तिन्ही वेळा ठराव पडला. शेजारच्या दोन्ही प्रभागांतल्या आघाडीच्या नगरसेवकांना तिच्या लोकांच्या मतांची गरज नव्हती, त्यामुळं तिचं ऐकण्याचं कारणही उरलं नव्हतं. दुसऱ्या वर्षानंतर ती दुकानावरून जाताना थांबेनाशी झाली. कुंदाशी रस्त्यात भेट झाली तर हसायची, पण 'ये की घरी' म्हणायची नाही.

पाच वर्षांनी पुन्हा प्रभाग पाडायची वेळ आली. कायद्याप्रमाणे पहिला प्रमाणक दोन खेपा काम करणार होता.

या वेळी आकृत्यांचा पूर आला. एका शहरातून चार लाख. वस्ती काढून देणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या. त्यांच्या माहितीपत्रकात त्याला 'समुदाय-रेखांकन सेवा' म्हणत. त्यांना आता पोटाचं गुपित कळलं होतं. त्यांच्या खोट्या आकृत्या बसथांब्याकडे झुकत, बाजाराकडे फुगत, मधूनच एखादं देऊळ विसरत. खऱ्या माणसानं काढलेली आकृती त्यांच्यापुढं उलट खोटी वाटावी.

खाणवस्तीच्या सहा हजार आकृत्या म्हणत होत्या की खाणवस्ती ही एक वस्ती नव्हेच. त्या तीन वेगवेगळ्या वस्त्या आहेत.

कुंदा आठ दिवस त्या आकृत्यांपुढं बसून होती. नवव्या दिवशी तिला दिसलं. आकृत्यांचं पोट जुन्या बसथांब्याकडे होतं. दवाखाना झाला तेव्हा थांबा तिथून हलवून दवाखान्यापाशी नेला होता. तिथल्या माणसाचे पाय दोन वर्षांपासून दुसऱ्या दिशेला वळत होते. कंपनीनं जुन्या नकाशावरून पोट काढलं होतं.

भास्करनं तिला उपमहापौरांच्या दालनात बोलावून घेतलं. तो आता जाड झाला होता. टेबलावर काच, काचेखाली मोर्च्यातला फोटो.

"कुंदे, हे उघड उघड खोटं आहे. तू यावर सही करूच शकत नाहीस."

"का?"

"का म्हणजे? लोकांनी कायदा केलाय! मत देऊन केलाय. तो पाळायचा नाही?"

कुंदाला हसू आलं आणि ते आवरेना. भास्करला ते कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो हळू म्हणाला, "मागचं कुणाला माहीत नाही, कुंदे. तू फक्त हे बाद कर."

पण मागचं माहीत होतं. कायद्यानं सगळ्या आकृत्या जनतेला खुल्या होत्या. दोनच दिवसांनी इंगवल्यांच्या वकील मृणाल सबनीस कार्यालयात आल्या. तिशीतल्या, नम्र. त्यांनी एकच कागद टेबलावर ठेवला. त्यावर बागवानपुरा होता, तेवीसशे रेषांचा.

"मॅडम, आमच्या तज्ज्ञांनी सहज चाळलं. मागच्या खेपेला हे आपण कसोटीस उतरवलंत. आमच्या आकृत्या तर याहून कितीतरी बऱ्या आहेत. तेव्हाची कसोटी आणि आताची कसोटी वेगळी असू नये, इतकंच म्हणणं आहे आमचं." मग खुर्चीतून उठता उठता म्हणाल्या, "तात्यासाहेबांना आपल्याबद्दल आदर आहे. कुणालाही त्रास व्हावा असं त्यांना वाटत नाही."

सही केली तर खाणवस्ती तुटत होती. बाद केलं तर भावाची चोरी आणि तिची सही, दोन्ही चव्हाट्यावर येणार होत्या. कुंदा चार दिवस नीट जेवली नाही. पाच वर्षांपूर्वी बरोबर-चूक दोन वाटा समोर होत्या. आता बरोबर वाट उरलीच नव्हती, फक्त कमी वाईट कोणती ते ठरवायचं होतं.

जाहीर सुनावणी नगरभवनात सकाळी अकराला होती. सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत एका टोकाला भास्कर, दुसऱ्या टोकाला रेहाना. कुंदा उभी राहिली आणि लिहून आणलेला कागद तिनं बाजूला ठेवला.

"खाणवस्तीच्या सहा हजार आकृत्या खोट्या आहेत. त्या मी बाद करते," ती म्हणाली. टाळ्या सुरू झाल्या. तिनं त्या थांबू दिल्या. "पाच वर्षांपूर्वी बागवानपुऱ्याच्या तेवीसशे आकृत्याही खोट्या होत्या. ते मला सही करण्यापूर्वी माहीत होतं. तरी मी सही केली."

कुणीतरी मागून ओरडलं, "कुणी भरल्या होत्या?" कुंदानं नाव सांगितलं. भास्कर मान खाली घालून बसून राहिला. रेहानानं पदर सारखा केला, उठली आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

संध्याकाळी भास्कर तिच्या दारात आला. आत आला नाही.

"पाच वर्षं वस्तीत पाणी आलं ना गं?" त्यानं विचारलं. "तेही खोटं होतं का?"

तो वळला आणि गेला. त्यानंतर बहीणभावांत बोलणं झालं नाही. त्यानं राजीनामा दिला आणि दुकान उघडलं, पण मोटरी घेऊन फारसं कुणी येईना.

पंधरा दिवसांनी कुंदानं रेहानाच्या घरी जाऊन माफी मागितली. रेहानानं चहा दिला.

"तेव्हा बोलली असतीस तर आमची चोरी झाली म्हणून लोक हळहळले असते," ती म्हणाली. "आता बोललीस, ती तुमची वस्ती तुटायला लागली तेव्हा. लोकांना एवढं कळतं, कुंदा."

पुढचं सगळं कायदेशीर झालं. राज्य सरकारनं कुंदाच्या निवेदनाची प्रत विधिमंडळात मांडली. खुद्द प्रमाणकाच्या कबुलीवरून ही पद्धत विश्वासार्ह नसल्याचं सिद्ध होतं, सबब सांबरखेडचं सार्वमत रद्द करून प्रभागरचनेचे अधिकार पुन्हा प्रशासनाकडे देण्यात येत आहेत. चर्चा अकरा मिनिटं चालली. तात्यासाहेब इंगवल्यांनी पत्रकारांना सांगितलं की जनतेच्या कौलाचा त्यांना नितांत आदर आहे. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. आपल्याला जे दिलं त्यातून त्यानं डोंगर उभा केला होता. पण हे सांगायचं कुणाला? ज्यांना समजलं असतं त्यांचा आता कुंदावर विश्वास नव्हता.

पुन्हा सार्वमत घ्यावं म्हणून काही मुलींनी सह्या गोळा करायला सुरुवात केली. खाणवस्तीत त्यांना साताठच सह्या मिळाल्या. बागवानपुऱ्यात एकही मिळाली नाही.

कुंदाची चौकशी झाली, बढती कायमची थांबली. नोकरी मात्र गेली नाही, कारण खात्यात मोजणीला माणसं कमी होती. मार्चमध्ये प्रशासनाचा नकाशा मंजूर झाला आणि प्रभागांच्या हद्दी जागेवर कायम करण्याचा आदेश निघाला. खाणवस्तीचं काम कुंदाच्या नावावर आलं. हे मुद्दाम केलं की आपोआप झालं, तिनं विचारलं नाही.

सकाळी नऊला ती मोजणीयंत्र, लोखंडी खुंट्या आणि हातोडा घेऊन वस्तीत गेली. हद्द तिसऱ्या गल्लीच्या मधोमध जात होती. ही घरं प्रभाग अठरात, समोरची सतरात. दारं हळूहळू लागत गेली. भास्करच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. आत कुणीतरी आहे हे कळत होतं. कुंदा वाकून एकेक खुंटी ठोकत पुढं सरकत राहिली.

नळापाशी एक म्हातारी हंडा भरत उभी होती. ठकूबाई लोंढे. सार्वमताच्या दिवशी भास्करनं तिला खुर्चीत बसवून केंद्रावर नेलं होतं. ती कुंदाकडे बघत होती. रागानं नव्हे, काहीतरी आठवायचा प्रयत्न केल्यासारखी.

"बाई, अशी रेघ मारायची नाही म्हणून आम्ही मत दिलं होतं ना?"

"दिलं होतं, मावशी."

"मग?"

कुंदानं यंत्रात पाहिलं. पुढचा बिंदू बरोबर नळाच्या ओट्याखाली येत होता. ती खुंटी घेऊन खाली बसली.

"पाय जरा मागं घ्या, मावशी," ती म्हणाली.